तारखेची दारू दंड वाढवून सुटणार नाही

येत्या बैठकीत एक ठराव येणार आहे. कोर्टाच्या तारखेला जो दारू पिऊन येईल त्याचा दंड 500 वरून 1000 करायचा, आणि दुसऱ्यांदा सापडला तर संघटनेतून त्याचं नाव कमी करायचं. ठराव आणणारी माणसं आपलीच आहेत. त्यात पाड्यांवरच्या बायका जास्त आहेत, आणि त्यांचा राग खोटा नाही. तरीसुद्धा आम्ही या ठरावाच्या विरोधात आहोत. आम्ही म्हणजे तारखेला लोकांसोबत जाणारी आठ माणसं, पाच बाप्ये नि तीन बाया. जमिनीची केस असो, जंगलाची असो, मारामारीची खोटी केस असो, पुकारा होईपर्यंत दाराशी बसून राहणं हे आमचं काम. त्यामुळे कोण कधी पितो, कशासाठी पितो आणि त्यानंतर त्याचं काय होतं, हे आम्ही जवळून बघितलंय.

तारखेचा दिवस कसा असतो हे ज्यांच्यावर केस नाही त्यांना माहीत नसतं. आदल्या रात्री झोप नाही. पहाटे उठून पेज प्यायची, ती घशाखाली उतरत नाही. पारोळच्या बाजूच्या पाड्यावरून निघायचं तर टमटमने शिरसाड फाटा, तिथून विरार स्टेशन, मग गाडीने वसई, मग पुन्हा पश्चिमेला वसई गाव. चार वाहनं बदलायची आणि मजुरी बुडवायची. अकराच्या आत पोचायचं, कारण पुकारा कधी होईल ते कोणी सांगत नाही. मग उभं राहायचं. बाकावर बसलं तर कोणी उठवेल का, ही धास्ती. पाणी प्यायला खाली गेलं आणि तेवढ्यात नाव पुकारलं तर? लघवीला जायची पण चोरी. साडेचार वाजता कळतं, साहेब रजेवर, नाहीतर समोरचा वकील आला नाही. पुढची तारीख घ्या नि घरी जा. असं एकदा-दोनदा नाही, दहा-दहा वर्षं चाललेलं आहे.

2014 च्या 1 ऑगस्टला पालघर जिल्हा झाला, तेव्हा आपण सगळे खूश झालो होतो की आता कलेक्टरकडे जायला ठाण्याचा फेरा चुकला. फेरा चुकला हे खरं. पण तारखा काही कमी झाल्या नाहीत.

आणि ज्या दिवशी खरोखर पुकारा होतो तो दिवस तर आणखी वाईट. जो माणूस तुंगारेश्वरच्या रानात रात्री एकटा फिरतो, त्याला कठड्यात उभं केल्यावर बापाचं नाव आठवत नाही. समोरचा वकील विचारतो, जमीन कोणत्या सालापासून कसता? आपला माणूस साल धरून जगलेला नाही. तो सांगतो, मोठा पूर आला त्याच्या आदल्या वर्षी बांध घातला. थोरल्या पोरीच्या लग्नाच्या टायमाला मोहाचं झाड पडलं, त्याच्या खालची ती जमीन. हे सगळं खरं असतं, पण वकील म्हणतो, साल सांगा, साल. मग तो घाबरून काहीतरी एक साल सांगतो, आणि पुढच्या प्रश्नात ते चुकीचं ठरतं. बाहेर आल्यावर तो आम्हाला म्हणतो, "मी खोटा ठरलो." ज्याच्या अंगठ्याची रेघ नांगराने झिजलीय, तो माणूस स्वतःच्या शेताबद्दल खोटा ठरतो. पुढच्या तारखेला तोच माणूस फाट्यावर उतरतो आणि नवटाक मारतो. तो म्हणतो, "जीभ सुटावी म्हणून घेतली." आम्ही हे ऐकलेलं आहे, एकदा नाही, पुष्कळदा.

जीभ सुटते, पण कशी सुटते तेही आम्ही बघितलंय.

एक काका पुकारा झाला तेव्हा आवारातल्या झाडाखाली झोपलेले होते. आम्ही धावत जाऊन उठवलं तोवर नाव होऊन गेलं. त्यांच्यावर पकड वॉरंट निघालं. त्यांच्यासाठी जामीन राहिलेला शेजारचाच, त्याने आपला सातबारा लावला होता. त्याला नोटीस आली. महिनाभराने आवणीच्या दिवसांत रात्री पोलीस येऊन काकांना घेऊन गेले. ते सुटून येईतो रोप पिवळं पडलं होतं. त्या वर्षी त्या घरात भात झाला नाही. आणि जामीन राहणारा आज कोणासाठीच जामीन राहत नाही, म्हणजे नुकसान एका घराचं नाही, पाड्याचं झालं.

दुसरा प्रसंग कोर्टातला नाही, पण त्याच जातीचा. वनहक्काच्या दाव्याची जागेवर पाहणी होती. कायदा सांगतो की 13 डिसेंबर 2005 च्या आधीपासूनचा ताबा दाखवायचा, आणि त्याला निदान दोन पुरावे लागतात. त्यातला एक पुरावा म्हाताऱ्या माणसांचा जबाब असू शकतो, दावेदार सोडून दुसऱ्या कोणाचा. गंमत बघा, ज्या काळात फॉरेस्टवाले आपल्याला दंड करून पावती फाडत होते, ती पावतीच आज आपल्या ताब्याचा पुरावा आहे. ज्यांनी भीतीने चुलीत घातल्या त्यांच्याकडे काही उरलं नाही, आणि ज्या बायांनी डब्यात जपल्या त्यांच्या कामाला आल्या. तर त्या पाहणीला जबाब द्यायला पाड्यावरचे सगळ्यात जाणते बाबा होते. त्यांना सगळं माहीत होतं, कोणाचा बांध कुठे, कोणता ओहळ कधी वळवला. पण साहेब लोक येणार म्हणून ते सकाळपासून घाबरलेले, आणि घाबरले म्हणून प्यालेले. साहेबांसमोर ते हसत राहिले, मग रडायला लागले. लिहिणाऱ्याने लिहिलं की निश्चित माहिती सांगू शकले नाहीत. पुढच्या वर्षी बाबा वारले. ते जे जाणत होते ते आता कुठल्याच कागदावर नाही.

तिसरा प्रसंग लिहिताना हात जड होतो. कोर्टाबाहेरच्या टपरीवर एक दलाल आमच्या एका भावाच्या शेजारी बसला. पुढची तारीख मिळाली होती, भाऊ उदास होता. दलालाने त्याला क्वार्टर पाजली, खांद्यावर हात ठेवला. म्हणाला, "किती वर्षं फिरणार? मिटवून टाकू." संध्याकाळी अंगठा झाला. आम्ही दुसऱ्या दाराशी उभे होतो, आम्हाला कळलंच नाही.

तो कागद कायद्याने टिकत नाही. आदिवासीची जमीन बिगरआदिवासीला द्यायची तर जमीन महसूल कायद्याच्या 36 अ कलमाप्रमाणे कलेक्टरची परवानगी लागते, 6 जुलै 1974 पासून हा नियम आहे. आणि 1872 चा करार कायदासुद्धा म्हणतो की जो माणूस इतका प्यालेला आहे की त्याला कराराच्या अटी समजत नाहीत, तो त्या अवस्थेत करार करू शकत नाही. म्हणजे दोन कायदे आपल्या बाजूचे. पण कागद झाला की दुसऱ्या दिवशी कुंपणाचे खांब येतात. ते खांब काढायला पुन्हा अर्ज, पुन्हा तारखा. एका क्वार्टरची किंमत त्या घराने सहा वर्षं भरली, अजून भरतंय.

हे तीन प्रसंग वाचून कोणी म्हणेल, मग तुम्ही ठरावाच्या विरोधात का? दंड वाढवायलाच पाहिजे की.

दंड आम्हीच सुरू केला होता. तेव्हा आम्हालाही असंच वाटलं होतं. पहिल्यांदा ज्याला दंड केला त्याला पाड्याच्या मधोमध उभं केलं, सगळ्यांच्या देखत 500 रुपये घेतले, आणि वर चार शब्द सुनावले. पुढच्या तारखेला तो आला नाही. आम्ही एकमेकांना म्हणालो, लाज वाटली असेल, सुधारेल. त्याच्या पुढच्या तारखेलाही आला नाही. वॉरंट आलं तेव्हा आम्हाला समजलं की तो कोर्टाला भीत नव्हता तेवढा आम्हाला भीत होता. आज आमची वही काढून बघितली तर दिसतं की ज्यांच्याकडून दंड घेतला त्यातली बहुतेक नावं पुढच्या तारखेला गैरहजर आहेत. बाकीचे लपवायला शिकले. बडीशेप, पान, वेलची. आमच्यापासून चार हात लांब उभे राहायला लागले. जो लांब उभा राहतो त्याच्या शेजारी दलाल येऊन बसतो, हे वरच्या प्रसंगात आलंच आहे.

आणि तो दंड भरला कोणी? बाईने. लाकडाची मोळी विकून, रानभाजी विकून, वीटभट्टीच्या बयाण्यातून. नवरा प्याला, शिक्षा तिला झाली. आता 1000 केले तर तिला दोन मोळ्या जास्त आणाव्या लागतील, एवढंच होईल.

यावर एका ताईने आम्हाला तोंडावर विचारलं आणि तो प्रश्न आम्ही इथे जसाच्या तसा देतो. ती म्हणाली, "तारखेला आमी पण जातो. आमाला भीती वाटत नाय काय? पोर कडेवर घेऊन दिवसभर उभी राहते मी. मी पिते काय? भीतीचं नाव सांगून बाप्ये सुटतात." यावर आमच्याकडे पूर्ण उत्तर नाही. ती बरोबर बोलते. भीती सगळ्यांना असते, पण भीती वाटली की प्यायची ही मुभा बाप्यांनी स्वतःलाच दिलेली आहे. म्हणून कोणी असं समजू नये की आम्ही दारूला माफी मागतोय. घरी जाऊन बाईवर हात उचलला तर त्याचा निवाडा वेगळा आणि कडकच झाला पाहिजे, तिथे कोर्टाची तारीख हे कारण चालणार नाही. आमचं म्हणणं फक्त एवढंच आहे की केस वाचवायची असेल, जमीन वाचवायची असेल, तर दंडाने ती वाचत नाही. आम्ही करून बघितलंय.

आता बाहेरच्या लोकांबद्दल थोडं. आदिवासी म्हणजे दारुडे, असं शहरात सहज बोलतात. आवारात आपला एक माणूस डुलताना दिसला की सगळ्यांकडे त्याच नजरेने बघतात. हे बोलणाऱ्यांना इतिहास माहीत नाही. मोहाची, ताडी आपल्याकडे होतीच. देवाला, वाडवडिलांना थेंब सांडल्याशिवाय आपलं लग्न लागत नाही की पेरणी होत नाही. पण ती घरची होती, सणाची होती. 1878 साली इंग्रज सरकारने मुंबई इलाख्याचा अबकारी कायदा केला, घरी गाळणं गुन्हा ठरवलं, आणि दारू मक्तेदारांच्या दुकानात नेऊन ठेवली. 1892 मध्ये मोहाच्या फुलांचा वेगळा कायदा केला, तो खास ठाणे नि कुलाबा जिल्ह्यांवर डोळा ठेवून. रानातली फुलं आपण वेचलेली, पण ती घरात साठवायलाही बंधन आलं. म्हणजे ज्याची फुलं त्यानेच दुकानातून विकत प्यायची, पैसे नसतील तर उधार, उधारी वाढली तर जमीन. दुकानदार आणि सावकार पुष्कळ ठिकाणी एकच माणूस होता. जमीन आणि दारू यांचं नातं असं जुनं आहे, आज टपरीवर जे झालं ते नवीन काही नाही.

आणि दारू सोडायची तर तीही आपल्या लोकांनी कोणाच्या सांगण्यावरून सोडली नव्हती. 1922 साली सालाबाई देवीचं वारं आलं. डेव्हिड हार्डिमन नावाच्या इतिहासकाराने त्यावर एक अख्खं पुस्तक लिहिलंय, ते 1987 साली आलं. त्यांनी शोध घेतला तर हे वारं आपल्याच पालघरच्या किनाऱ्यावरच्या कोळीवाड्यांतून उठलेलं निघालं. तिथून ते डोंगरात चढलं आणि पुढे सुरत जिल्ह्यापर्यंत गेलं. गावच्या गावं एकत्र बसली, दारू-ताडी सोडली, आणि दारूवाल्या जमीनदारांच्या शेतावर कामाला जायचं बंद केलं. देवीने मासा-मटणही सोडायला सांगितलं होतं, ते आम्ही काही सांगणार नाही. पावसाळ्यात ओहळाचे मासे सोडा म्हटलं तर आम्हालाच पाड्यावर कोणी घेणार नाही. पण एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. त्या वेळी एकेकट्याला पकडून दंड केला नव्हता, सगळे मिळून बसले होते.

सरकारचं म्हणाल तर 2017 च्या 1 एप्रिलपासून सुप्रीम कोर्टाच्या हुकुमाने हायवेपासून 500 मीटरच्या आतली दारूची दुकानं बंद झाली. अहमदाबाद हायवे आपल्या पाड्यांच्या पायथ्याशी. पण ज्या गुत्त्यावर आपला माणूस सकाळी सहाला जातो त्याला परवानाच नव्हता, मग बंद काय होणार? बायांनी मतदान करून बाटली आडवी करायची सोय आहे, तीही परवान्याच्या दुकानाला. हातभट्टीची बाटली नसतेच, फुगा असतो, तो आडवा कसा करायचा? आणि त्या फुग्यात काय भरलेलं असतं कोण सांगणार? जून 2015 मध्ये मालाडच्या मालवणीत असल्याच दारूने 100 च्या वर माणसं मेली, ती जागा इथून काही लांब नाही. आपल्या तालुक्याच्या ज्या गावांना पेसा कायदा लागू आहे तिथे ग्रामसभेला दारूबाबत ठराव करायचा अधिकार आहे. गुत्त्यांच्या विरुद्ध तो वापरा, आम्ही पुढे असू. ठरावाची ताकद तिकडे लावायला हवी.

आणखी एक गोष्ट आम्हाला फार उशिरा कळली. काही जण तारखेलाच पितात, काही रोज पितात. या दोघांना एकच औषध चालत नाही. रोज पिणाऱ्याने तारखेसाठी म्हणून आदल्या संध्याकाळी बंद केली, की सकाळी त्याचे हात थरथरतात, घाम फुटतो, उलटी होते. तो म्हणतो, कोर्टाची भीती वाटते. ती भीती असतेच, पण ती थरथर दारू सुटल्याचीसुद्धा असते. शेवटच्या घोटानंतर सहा-आठ तासांत ती सुरू होते. पुढच्या दोन-तीन दिवसांत कोणाला फिट येते, कोणाला नसलेली माणसं दिसतात, जीवही जाऊ शकतो. म्हणून जो वर्षानुवर्षं रोज पितो त्याला "आजपासून एकदम बंद कर" असं दरडावू नका. त्याला तारखेच्या पंधरा दिवस आधी सरकारी दवाखान्यात डॉक्टरकडे न्या, खरं सांगा, डॉक्टर गोळ्या देतात. पुण्याचं मुक्तांगण 1986 पासून हेच काम करतंय. अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या बैठका मुंबई-वसईच्या पट्ट्यात मराठीतही होतात, पैसे पडत नाहीत, नाव-गाव लिहावं लागत नाही. तिथे एक साधी गोष्ट सांगतात, ती आम्हाला पटली: जन्मभराची शपथ घेऊ नका, फक्त आजचा दिवस धरा. आपल्याला तर तारीखच एका दिवसाची असते.

मग दंडाच्या जागी काय, हे सांगायला पाहिजे. आम्ही गेल्या दोन पावसाळ्यांपासून काही पाड्यांवर करून बघतोय. तारखेच्या आदल्या रात्री ज्याची केस त्याच्या ओट्यावर बसायचं. कोणीतरी वकील होतो, कोणीतरी साहेब. प्रश्न विचारायचे, उलटसुलट, चिडवून सुद्धा. पोरं हसतात, म्हातारी साहेबाला शिव्या देते, पण माणसाला सकाळी प्रश्न ओळखीचे वाटतात. साल विचारलं तर काय सांगायचं? साल माहीत नसेल तर "साल सांगता येत नाही, पुराच्या आदल्या वर्षी" हेच सांगायचं. माहीत नाही म्हणणं खोटं नाही. अंदाजाने आकडा ठोकला की तो खोटा ठरतो. भाषा कळली नाही तर "साहेब, परत विचारा" म्हणायचा हक्क आहे. आरोपीला कळत नसलेल्या भाषेत साक्ष चालली तर त्याला समजणाऱ्या भाषेत सांगितली पाहिजे, असं फौजदारी कायद्यातच आहे. हे एकदा कळलं की निम्मी भीती तिथेच जाते, हे आम्ही अंदाजाने बोलत नाही.

सकाळी एक जण त्याच्या घरी जातो, टमटमला सोबत बसतो आणि शिरसाड फाट्यावर खाली उतरत नाही, उतरूही देत नाही. फाटा ओलांडला की मोठं काम झालं. सोबत भाकर पाहिजे. उपाशी पोटी जीव घाबरतो, आणि घाबरलेला जीव दारू मागतो. हाताला काम पाहिजे. आमच्यातली एक आजी टोपलीच्या कामट्या घेऊन येते. कोयता आत नेऊ देत नाहीत, पण सोललेल्या कामट्यांना कोण अडवणार? दिवसभरात एक टोपली होते. तिच्या शेजारी बसणारे दोघे-तिघे आता विणायला शिकलेत. साहेब रजेवर असले तरी त्या दिवशी काहीतरी झालं म्हणून घरी जाता येतं.

ज्याची त्या दिवशी साक्ष नाही, नुसती हजेरी आहे, त्याच्यासाठी वकिलाने हजेरीमाफीचा अर्ज द्यावा. फौजदारी कायद्यात त्यासाठीच कलमं आहेत. प्रत्येक तारखेला माणसाला ओढून नेणं ही आपल्याच वकिलांची सवय झालीय, ती त्यांना सांगून मोडली पाहिजे. आणि ज्यांच्याकडे वकिलाला पैसे नाहीत त्यांनी 1987 च्या विधी सेवा कायद्याने फुकट वकील मागावा. आदिवासीला त्यासाठी उत्पन्नाचा दाखलाही लागत नाही, जातीचा पुरला. आवणीच्या चार आठवड्यांतल्या तारखा टाळून मागायच्या, हेही वकिलाला आधीच सांगा. शेतात नसल्याच्या काळजीनेच निम्मे लोक त्या दिवशी पितात.

आणि इतकं करून कोणी पिऊन आलाच तर? त्याला घरी हाकलू नका, आतही नेऊ नका. पिऊन आवारात गोंधळ घातला तर दारूबंदी कायद्याच्या 85 कलमाखाली नवीन केस लागते, जुनी तशीच राहते. त्याला सावलीत बसवा, पाणी द्या, एकाने त्याच्याजवळ बसावं, दलाल जवळ आला तर हुसकावा, आणि वकिलाला खरं सांगा. खोटी आजारपणाची सर्टिफिकेटं आणू नका, एकदा पकडलं तर आपल्या सगळ्यांच्या अर्जावरचा विश्वास जातो. दुसऱ्या दिवशी त्याच्या घरी जा. त्याच दिवशी बोलून उपयोग नसतो.

दंडाबद्दल आमची एकच उलट सूचना आहे, आणि ती आमच्यावरच आहे. जो सोबती म्हणून जातो, तो त्या दिवशी प्यालेला सापडला तर त्याला वर्षभर सोबतीच्या कामावरून काढा. हे आम्ही उगाच लिहीत नाही. टपरीवरचा तो अंगठा झाला त्या दिवशी आमच्यातला एक जण प्यालेला होता. म्हणूनच त्या दाराशी कोणी नव्हतं. त्याने स्वतः ते बैठकीत सांगितलं, त्याला त्यासाठी दोन वर्षं लागली. तो आजही आमच्यासोबत आहे, आणि रात्रीच्या सरावात समोरचा वकील तोच होतो. त्याच्या इतके वाकडे प्रश्न कोणाला सुचत नाहीत.

ठराव बैठकीत येईल तेव्हा बायांनी आधी बोलावं, बाप्यांनी मागून, एवढी विनंती. मत काहीही पडो, येत्या मंगळवारी 14 जणांची तारीख आहे. त्यातले चौघे पहिल्यांदाच साक्षीला उभे राहतील. सोमवारी रात्री जेवून समाजमंदिरात जमा, कंदील आणा, वीज असेलच असं नाही. पहिली टमटम सहाला सुटते. भाकरी बांधून आणा, आणि ज्यांना जमेल त्यांनी कामट्या.